स्तन-ऊतीतील पेशींचे विलगीकरण आणि ओळख : प्रकल्प नोंदी, मुंबई, जून ते ऑक्टोबर २०२४

१० जून २०२४

निरोगी मानवी स्तन-ऊतीतील पेशींचे प्रकार एकमेकांपासून वेगळे काढायचे, प्रत्येकाची ओळख एकाहून अधिक स्वतंत्र पुराव्यांनी पटवायची आणि वेगळी काढलेली पेशी अखंड ऊतीत नेमकी कुठे बसलेली होती याच्याशी ती ओळख जुळवून पाहायची, असे या प्रकल्पाचे तीन टप्पे ठरले आहेत. तिसऱ्या टप्प्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. आमच्या दृष्टीने मात्र तोच या कामाचा कणा आहे.

स्तनात साधारण १५ ते २० खंड असतात. प्रत्येकातून निघालेली नलिका फांद्या फुटत बारीक होत जाते आणि तिच्या टोकाला खंडिकांचे घोस लगडलेले असतात. स्तनाचे बहुतेक कर्करोग याच टोकाकडच्या भागात सुरू होतात. नलिका असो वा खंडिका, तिचे अस्तर दुपदरी असते. आतल्या पोकळीकडे तोंड करून ल्यूमिनल पेशी असतात आणि त्यांच्या बाहेर, आधारपटलाला (अस्तराखालच्या पातळ पापुद्र्याला) चिकटून, मायोएपिथेलियल म्हणजे बेसल पेशींचा पदर असतो. ऑक्सिटोसिनच्या प्रभावाने हा बाहेरचा पदर आकुंचन पावतो आणि दूध पुढे ढकलले जाते. या अस्तराभोवती तंतुपेशी, मेदपेशी, रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी, त्यांना वेढणाऱ्या परिवाहिनी पेशी, आणि बृहद्भक्षी व टी-पेशींसारख्या रोगप्रतिकारक पेशी असतात. या सगळ्यांना एकदम सुटे करून, आणि शक्य तितके जिवंत ठेवून, वेगळे करायचे आहे.

मुंबईत हा प्रश्न पुस्तकी नाही. शहरातील कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी १९६३ पासून चालू आहे, देशातील अशी ती पहिली नोंदणी आहे, आणि आज शहरातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. इस्ट्रोजेन ग्राही, प्रोजेस्टेरॉन ग्राही (हार्मोनचा निरोप पकडणारी प्रथिने) आणि हर-२ हे प्रथिन यांपैकी काहीच नसलेल्या, म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह, गाठींचे प्रमाण भारतीय रुग्णांत पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत दिसते. अशा गाठी नेमक्या कोणत्या पेशीतून उगवतात, हे समजण्यासाठी आधी निरोगी पेशींची ओळख पक्की असावी लागते. मेलबर्नच्या गटाने २००९ मध्ये दाखवले की बीआरसीए-१ जनुकात दोष असलेल्या स्त्रियांच्या वरवर निरोगी दिसणाऱ्या ऊतीत ल्यूमिनल पूर्वजपेशींचा, म्हणजे पुढे ल्यूमिनल पेशी घडवणाऱ्या पेशींचा, गट वाढलेला असतो, आणि बेसल प्रकारच्या गाठींची जनुकीय ठेवण बेसल पेशींपेक्षा या ल्यूमिनल पूर्वजपेशींशी अधिक जुळते. गाठीच्या दिसण्यावरून तिचे मूळ ठरवणे किती फसवे असू शकते, हे त्या निष्कर्षातून कळते. तो निष्कर्ष निघू शकला तो निरोगी पेशींचे गट आधी काळजीपूर्वक वेगळे केले होते म्हणूनच.

१४ जून २०२४

नैतिकता समितीची परवानगी हातात आली आहे. ऊती येणार आहे ती स्तनांचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियांतून. पाठ, मान आणि खांद्यांच्या दुखण्यामुळे ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असतात, आणि एरवी टाकून दिली जाणारी ही ऊती जगभर याच प्रकारच्या संशोधनाचा मुख्य आधार राहिली आहे.

संमतिपत्र मराठी, हिंदी आणि इंग्रजीत आहे. केवळ सही घेऊन थांबायचे नाही, असे आम्ही ठरवले. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी समुपदेशक ताई प्रत्येकीशी बसून बोलतात, संशोधनाला नकार दिल्याने उपचारात काहीही फरक पडणार नाही हे आधी सांगतात आणि मगच कागद पुढे करतात. आमच्यापर्यंत नाव येत नाही, फक्त संकेतांक येतो. संकेतांकासोबत वय, बाळंतपणे, स्तनपानाचा काळ, शेवटच्या पाळीची तारीख आणि हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, एवढी माहिती येते. पाळीच्या तारखेचा आग्रह अनावश्यक वाटू शकतो, पण स्तनातील पेशींचे विभाजन पाळीच्या उत्तरार्धात सर्वाधिक असते. ती तारीख हाती नसेल तर दोन स्त्रियांच्या ऊतींतील फरक वयामुळे आहे, प्रकृतीमुळे आहे की केवळ महिन्यातील दिवसामुळे, हे कधीच सांगता येणार नाही.

ऊतीवर पहिला हक्क निदानाचा. पॅथॉलॉजिस्ट मॅडम आधी पाहतील, त्यांना लागेल तो भाग घेतील आणि उरलेला भाग आमच्याकडे येईल.

२० जून २०२४

पहिली ऊती परळच्या बाजूने दुपारी निघाली. पोषकद्रव्यात प्रतिजैविके मिसळून, बर्फाच्या पेटीत, अटल सेतूवरून ती नवी मुंबईत पोहोचली. हा पूल जानेवारीत खुला झाल्यापासून शीवच्या वाहतुकीत अडकण्याची भीती राहिलेली नाही आणि वेळेचा अंदाज बांधता येतो. ऊती शरीरातून बाहेर पडल्यापासून विकरात (ऊती सुटी करणाऱ्या एन्झाइममध्ये) जाईपर्यंतचा वेळ प्रत्येक खेपेला तक्त्यात लिहायचा आहे.

पेटी उघडल्यावर सर्वप्रथम तीन वेगवेगळ्या जागांचे लहान तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकले. अखंड ऊतीचा पुरावा म्हणून ते राहतील. मग काचेच्या मोठ्या डिशमध्ये मेद बाजूला करण्याचे काम झाले. पिवळ्या मेदातून पांढरट, चिवट धाग्यांसारखे जे दिसते त्यात नलिका आणि खंडिका असतात. दोन स्काल्पेल आडवेतिडवे चालवून त्याचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे केले. या टप्प्यावर घाई केली तर मेद फार राहतो, आणि फार बारीक कापले तर खंडिकाच तुटतात.

तुकडे कोलॅजनेज आणि हायल्युरोनिडेजच्या द्रावणात, मिलिलिटरला अनुक्रमे ३०० आणि १०० एकक या प्रमाणात, ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर मंद हेलकाव्यावर ठेवले. ही रीत मुळात जुनी आहे. १९८० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी याच प्रकारच्या शस्त्रक्रियांतील ऊती पचवून खंडिकांचे अखंड तुकडे मिळवण्याची आणि त्यांतून पेशी वाढवण्याची पद्धत तपशीलवार मांडली होती.

२१ जून २०२४

सकाळी नळीत तीन थर दिसले. वर मेदाचा तेलकट थर, मध्ये गढूळ द्रव आणि तळाशी सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घडांसारख्या दिसणाऱ्या अखंड खंडिका. सेंट्रिफ्यूजवर ८० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ८० पट) वेगाने अर्धा मिनिट फिरवल्यावर हे घड तळाला बसले. वरचा द्रव पुन्हा २०० जी आणि नंतर ३५० जी वेगाने फिरवून अनुक्रमे मिश्र भाग आणि तंतुपेशींनी समृद्ध भाग वेगळा केला. घडांचा काही भाग द्रव नायट्रोजनसाठी गोठवून ठेवला, कारण पुढे एकाच स्त्रीच्या ऊतीवर निरनिराळ्या दिवशी काम करावे लागणार आहे.

उरलेल्या घडांवर ०.२५ टक्के ट्रिप्सिन थोडा वेळ, मग डिस्पेज आणि डीएनएज. मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेला डीएनए चिकट जाळे करतो आणि त्यात जिवंत पेशीही अडकतात. म्हणून डीएनएज टाळता येत नाही. शेवटी ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून सुट्या पेशी मिळाल्या. जिवंत पेशींचे प्रमाण समाधानकारक आहे.

८ जुलै २०२४

मध्यरात्री एक ते सकाळी सातपर्यंत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, लोकल विस्कळीत आहेत, आजची शस्त्रक्रिया पुढे गेली. जे सहकारी पोहोचू शकले त्यांनी फॉर्मॅलिनमधील तुकड्यांचे छेद रंगवण्याचे काम पूर्ण केले, आणि आजचा दिवस या प्रकल्पातील सर्वांत उपयुक्त दिवसांपैकी ठरला.

मेणात बसवलेल्या ऊतीचे चार मायक्रॉन जाडीचे छेद घेऊन ते सायट्रेट द्रावणात उकळले आणि त्यांवर केराटिन-१८, केराटिन-१४ आणि पी-६३ या पेशींतील प्रथिनांना नेमक्या चिकटणाऱ्या अँटिबॉडी लावल्या. पाठ्यपुस्तकातील चित्र असे असते की आतला पदर केराटिन-८, १८ आणि १९ चा, बाहेरचा पदर केराटिन-५, १४ आणि १७ चा, आणि बाहेरच्या पदराच्या केंद्रकांत पी-६३. मोठ्या नलिकांत हे चित्र बरेचसे खरे दिसले. खंडिकांत मात्र ते तितके स्वच्छ नाही. बाहेरच्या पदरातील काही पेशींत केराटिन-१४ अगदी फिके आहे, तर पी-६३ त्याच पेशींत ठसठशीत आहे. आणि आतल्या पदरात, अगदी पोकळीला लागून, अधूनमधून केराटिन-१४ दाखवणारी पेशी आहे. मोठ्या नलिकांत केराटिन-१४ आणि केराटिन-१९ दोन्ही धारण करणाऱ्या पेशींचे वर्णन २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे आणि त्या पेशी मूळपेशींच्या जागा असाव्यात असे तेव्हा सुचवले गेले होते. म्हणजे एका केराटिनवरून पेशीला बेसल म्हणून मोकळे होणे चुकीचे ठरेल. यापुढे किमान केराटिन-१४, पी-६३ आणि स्नायू-अ‍ॅक्टिन ही तिन्ही चिन्हे एकत्र पाहूनच बेसल म्हणायचे, असा नियम आज केला.

दुसऱ्या छेदावर इस्ट्रोजेन ग्राही आणि विभाजनाची खूण असलेले केआय-६७ एकत्र रंगवले. ग्राही असलेल्या पेशी आतल्या पदरातच, विखुरलेल्या आणि अल्पसंख्य आहेत. विभाजन पावणाऱ्या पेशी बहुतेक त्यांच्या शेजारी आहेत, पण त्याच नाहीत. मँचेस्टरच्या संशोधकांनी १९९७ मध्ये निरोगी मानवी स्तनात हेच दाखवले होते. हार्मोनचा निरोप घेणारी पेशी एक आणि त्यावर विभाजित होणारी पेशी दुसरी, ही व्यवस्था स्वतःच्या छेदात दिसली तेव्हा खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही. कर्करोगात ही व्यवस्था मोडते आणि ग्राही असलेल्या पेशीच विभाजित होऊ लागतात. म्हणून निरोगी स्तनातील ही शेजारधर्माची रचना नीट नोंदवून ठेवणे फार मोलाचे आहे.

१८ जुलै २०२४

सॉर्टरसाठी, म्हणजे चमकणाऱ्या अँटिबॉडी लावलेल्या पेशी एकेक तपासून वेगळ्या करणाऱ्या यंत्रासाठी, अँटिबॉडींची योग्य मात्रा ठरवण्याचे काम पूर्ण झाले. मांडणी अशी आहे : सीडी-४५ने रोगप्रतिकारक पेशी, सीडी-३१ने रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी आणि सीडी-२३५एने तांबड्या पेशी ओळखून बाजूला काढायच्या, मेलेल्या पेशी डीएपीआय रंगाने वगळायच्या, उरलेल्यांना ईपीकॅम आणि सीडी-४९एफ या दोन चिन्हांवर पसरवायचे. ईपीकॅम उपकला म्हणजे अस्तराच्या पेशींना एकमेकींशी जोडते आणि ल्यूमिनल पेशींवर भरपूर असते. सीडी-४९एफ म्हणजे अल्फा-६ इंटिग्रिन. आधारपटलातील लॅमिनिन या प्रथिनाला पकडणाऱ्या ग्राहीचा तो भाग असल्यामुळे आधारपटलावर बसलेल्या बेसल पेशींवर तो सर्वाधिक असावा हे रचनेशी सुसंगत आहे.

या दोन अक्षांवर चार गट अपेक्षित आहेत. ईपीकॅम भरपूर आणि सीडी-४९एफ नाही तो परिपक्व ल्यूमिनल. दोन्ही असलेला ल्यूमिनल पूर्वजपेशींचा. ईपीकॅम कमी आणि सीडी-४९एफ भरपूर तो बेसल. दोन्ही नसलेला तंतुपेशींचा. सीडी-१० हे मायोएपिथेलियल पेशींचे चिन्ह म्हणून फार काळ वापरात आहे, परंतु काही तंतुपेशींवरही ते असते, त्यामुळे ते केवळ ईपीकॅम आणि सीडी-४९एफच्या जोडीनेच वापरू.

प्रत्येक रंगासाठी तो एक रंग वगळून बाकी सर्व रंग लावलेला नमुना केला, कारण गेटची, म्हणजे आलेखावर गट वेगळा करणाऱ्या सीमेची, रेषा कुठे ओढायची हे त्याशिवाय ठरवता येत नाही. दुसरी खबरदारी विकरांबाबत. ट्रिप्सिन पेशीच्या पृष्ठभागावरील काही प्रथिने कापते; चिन्ह कापले गेले तर अँटिबॉडीला धरायला काही उरत नाही आणि यंत्र ती पेशी चिन्हविरहित म्हणून नोंदवते. त्यामुळे प्रत्येक अँटिबॉडी, आधी विकर न लावलेल्या आणि मग लावलेल्या त्याच पेशींवर तपासली. ज्या चिन्हांचा प्रकाश विकरानंतर घटला ती यादीतून काढली.

६ ऑगस्ट २०२४

आज सॉर्टरवर पूर्ण दिवस मिळाला. १०० मायक्रॉनचे तोंड, कमी दाब, नमुना ४ अंशांवर. स्तनाच्या उपकला पेशी रक्तपेशींपेक्षा मोठ्या आणि नाजूक असतात, त्यांना अधिक दाबाने पळवले तर यंत्राचा वेग वाढतो आणि पेशी मरतात. यंत्र सांभाळणाऱ्या सरांनी वेग वाढवण्याचा मोह टाळण्याचा सल्ला दिला, तो पाळला.

चारही गट पडद्यावर दिसले. पण ईपीकॅम आणि सीडी-४९एफ दोन्ही अतिशय भरपूर असलेला, वरच्या उजव्या कोपऱ्यात पसरलेला आणखी एक ढग दिसला. संशोधन-वाङ्मयात अशा दुहेरी पेशींविषयी मोठी उत्सुकता आहे, कारण दोन्ही पदरांची लक्षणे एकाच पेशीत असतील तर ती दोन्ही पदर घडवू शकणारी पूर्वजपेशी असू शकते. या शक्यतेवर विश्वास ठेवण्याआधी साधी शक्यता तपासणे भाग होते, ती अशी की एक ल्यूमिनल आणि एक बेसल पेशी एकमेकींना चिकटून यंत्रातून एकत्र गेल्या. अखंड ऊतीत या दोन पेशी पाठीला पाठ लावून बसलेल्या असतात. विकराने सर्व जोड तुटलेच पाहिजेत असे नाही.

यंत्रातील प्रकाशाच्या क्षेत्रफळ आणि उंचीच्या तुलनेवरून जोड्या वगळल्या जातात, आणि ते आम्ही केलेच होते. तरीही हा ढग वेगळा गोळा करून काचपट्टीवर फिरवून बसवला, केराटिन-१८ हिरव्या आणि केराटिन-१४ तांबड्या रंगात रंगवले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बहुसंख्य ठिकाणी दोन केंद्रके, एका बाजूला हिरवी पेशी आणि दुसऱ्या बाजूला तांबडी, असेच होते. म्हणजे यंत्राची जोडी ओळखण्याची रीत या ऊतीसाठी पुरेशी नाही. मात्र थोड्या पेशी खरोखरच एकट्या होत्या, एक केंद्रक आणि एकाच पेशीद्रव्यात दोन्ही रंग. त्या संख्येने फार थोड्या असल्या तरी नाकारता येण्याजोग्या नाहीत, आणि ८ जुलैच्या छेदांत पोकळीलगत दिसलेल्या केराटिन-१४ च्या पेशींशी त्यांचा मेळ बसण्याची शक्यता आहे.

हा तपास सॉर्टरच्या पडद्यावर होऊच शकला नसता. पडद्यावर प्रत्येक घटना म्हणजे एक ठिपका; एका ठिपक्यामागे एक पेशी आहे की दोन, हे शेवटी काच आणि डोळाच सांगतो. यापुढे प्रत्येक गटातील काही पेशी दर वेळी काचपट्टीवर बसवल्या जातील. त्यात गमावल्या जाणाऱ्या पेशींची खंत बाळगायची नाही.

७ ऑगस्ट २०२४

कालच्या नमुन्याचा उरलेला भाग पुन्हा डिस्पेजमध्ये ठेवून, हळुवार पिपेट करून यंत्रावर चालवला. दुहेरी ढग स्पष्टपणे आक्रसला, नाहीसा झाला नाही. अपेक्षेप्रमाणे.

२२ ऑगस्ट २०२४

आजच्या नोंदीतील प्रयोग फार दिवस मनात होता. बर्कली आणि बोस्टन येथील दोन नामांकित प्रयोगशाळांनी २०१४ मध्ये एक वेगळ्याच प्रकारचा लेख प्रसिद्ध केला. दोन्हीकडे त्याच प्रकारची ऊती, तीच अँटिबॉडी, तीच रीत. तरीही स्तन-पेशींचे आलेख जुळेनात. यंत्रे तपासली, रसायने तपासली, कशानेच उलगडा होईना. शेवटी दोन्हीकडच्या संशोधकांनी एकाच टेबलाशी शेजारी उभे राहून काम केले तेव्हा फरक सापडला. एकीकडे पचनाच्या वेळी ऊती जोराने ढवळली जात होती, दुसरीकडे ती मंद हेलकाव्यावर अधिक वेळ ठेवली जात होती. पद्धतीच्या वर्णनात असे तपशील सहसा एका शब्दात उरकले जातात.

आम्ही एकाच स्त्रीच्या ऊतीचे तुकडे नीट मिसळून दोन समान भाग केले. एक भाग चुंबकी कांडीने जोरात ढवळत काही तास, दुसरा मंद हेलकाव्यावर रात्रभर. विकर तेच, तापमान तेच, अँटिबॉडीची बाटलीही तीच. ढवळलेल्या भागात सुट्या पेशी लवकर मिळाल्या, मेलेल्या पेशी अधिक निघाल्या आणि बेसल गट आक्रसला. मंद भागात घड अखंड राहिले, बेसल गट भरघोस होता, पण जोड्यांचे प्रमाणही जास्त होते. तंतुपेशींच्या गटाचा आकार तर दोन्ही आलेखांत इतका वेगळा आहे की कोणी हे दोन आलेख शेजारी ठेवून दोन निराळ्या स्त्रियांची ऊती म्हणून दाखवले असते तर शंका आली नसती.

ऊतीत कोणत्या पेशी किती आहेत, हे आपण यंत्रावर मोजतच नाही. विलगीकरणातून वाचलेल्या आणि सुट्या झालेल्या पेशी किती आहेत एवढेच मोजतो. प्रमाणाविषयीचे कोणतेही विधान, उदाहरणार्थ वय वाढते तशी बेसल पेशींची टक्केवारी घटते, हे छेदांतील मोजणीने पडताळल्याशिवाय आमच्या अहवालात येणार नाही. वयाबाबतचे ते निरीक्षण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे आणि महत्त्वाचे आहे. म्हणूनच त्याची पडताळणी आमच्या ऊतींतही दोन्ही मार्गांनी व्हायला हवी. दोन प्रयोगशाळांमधील तुलनेसाठीही ढवळण्याची पद्धत, वेग, नळीचा आकार आणि द्रवाचे प्रमाण तक्त्यात लिहिणे आजपासून बंधनकारक केले.

आणखी एक बाजू आहे. उंदराच्या स्नायूंतील मूळपेशींवर २०१७ मध्ये दाखवले गेले की ऊती विकराने सुटी करण्याच्या प्रक्रियेनेच एफओएस आणि जेयूएन यांसारखी ताणाला प्रतिसाद देणारी जनुके काही पेशींत चालू होतात. स्तन-ऊती रात्रभर ३७ अंशांवर असते. त्यामुळे आरएनएच्या तपासणीत ही जनुके चढलेली दिसली तर त्यांना नवा उपप्रकार मानू नये.

५ सप्टेंबर २०२४

परवा गणेश चतुर्थी. विसर्जनापर्यंत ठरवून करायच्या शस्त्रक्रिया कमी असतात, त्यामुळे नवी ऊती येणार नाही. गोठवलेल्या घडांची यादी आणि द्रव नायट्रोजनची पातळी तपासली. वेगळे केलेले गट संवर्धनात, म्हणजे शरीराबाहेर वाढवायला, लावले.

२० सप्टेंबर २०२४

संवर्धनाचे निकाल पाहताना परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची आठवण होणे स्वाभाविक आहे. डॉ. कमल रणदिवे यांनी १९६० च्या दशकात तिथे देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली आणि स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध ज्यांनी सुरुवातीच्या काळात ओळखला त्यांच्यापैकी त्या एक होत्या. त्या काळात पृष्ठभागावरील चिन्हांवरून पेशी वेगळ्या करणारे यंत्र नव्हते. पेशी कशी वाढते, कशी पसरते, कोणत्या पेशीशेजारी कशी वागते, हे दिवसेंदिवस पाहूनच ती ओळखावी लागे. आमच्याकडे यंत्र आहे, म्हणून वागणुकीचा हा पुरावा सोडून देण्याचे कारण नाही.

ईपीकॅम आणि सीडी-४९एफ दोन्ही असलेल्या गटाने, विभाजन थांबवलेल्या उंदराच्या तंतुपेशींच्या थरावर, गोल, घट्ट कडांच्या वसाहती केल्या आणि त्यांत केराटिन-१८ आहे. त्यामुळे ल्यूमिनल पूर्वजपेशी ही त्यांची ओळख तिसऱ्या स्वतंत्र मार्गाने पुष्ट झाली. परिपक्व ल्यूमिनल गटाने जवळपास काहीच वसाहती केल्या नाहीत. बेसल गटाने लॅमिनिनयुक्त जेलमध्ये फांद्या फुटणाऱ्या रचना केल्या, तर ल्यूमिनल गटाने पोकळ, लहान गोळे. निरोगी आणि कर्करोगी स्तनपेशी अशा जेलमध्ये किती वेगळ्या वाढतात हे बर्कली आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवले होते, आणि त्यानंतर ही चाचणी या क्षेत्रात रूढ झाली.

साध्या प्लास्टिकच्या डिशमधील वाढ मात्र सावधपणे वाचायला हवी. तिथे काही पिढ्यांनंतर बेसलसदृश पेशीच उरतात. शिवाय बहुतेक पेशी पी-१६ हे विभाजन रोखणारे प्रथिन वाढल्यामुळे थांबतात, आणि ज्यांच्यात पी-१६ चे जनुक मेथिलेशनने (डीएनएवर लागलेल्या रासायनिक खुणेने) बंद झालेले असते त्याच पुढे जातात. बाजारात निरोगी स्तनपेशी म्हणून मिळणाऱ्या अनेक संवर्धनांचा उगम अशा निवडलेल्या पेशींत असतो. इस्ट्रोजेन ग्राही तर डिशमध्ये लवकर हरवतो; ग्राही असलेल्या निरोगी मानवी पेशी वाढवण्याची रीत २०१५ मध्ये डेन्मार्कमधील गटाने टीजीएफ-बीटा या संकेत देणाऱ्या प्रथिनाचा मार्ग रोखून साधली. ती आमच्याकडे पुढच्या टप्प्यात करून पाहायची आहे.

३ ऑक्टोबर २०२४

मेदपेशींचा प्रश्न आजवर बाजूला राहिला होता. स्तनाच्या आकारमानाचा मोठा वाटा त्यांचा असतो, आणि विकरातून निघताना त्या तरंगून वर जातात, फुटतात किंवा सॉर्टरच्या तोंडातून जाऊ शकत नाहीत. सॉर्टरच्या कोणत्याही आलेखात त्या नाहीत म्हणून ऊतीत त्या नाहीत असे कोणी म्हणणार नाही, पण तोच तर्क कमी ठळक पेशींच्या बाबतीत विसरला जातो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी स्तनपेशींच्या नकाशात १२६ स्त्रियांच्या ऊतींतील सात लाखांहून अधिक पेशी तपासून १२ मुख्य प्रकार नोंदवले गेले. त्या कामात पेशींबरोबर सुटी केंद्रकेही तपासली होती, आणि शिवाय ऊतीतील जागा दाखवणाऱ्या पद्धती वापरल्या होत्या. केंद्रके गोठवलेल्या ऊतीतून काढता येतात, ३७ अंशांवर रात्र काढावी लागत नाही, आणि मेदपेशींची केंद्रकेही हातून निसटत नाहीत. मात्र केंद्रकांत पृष्ठभागावरील चिन्हे नसतात आणि त्यांतून जिवंत पेशी परत मिळत नाही. म्हणून दोन्ही मार्ग लागतील. पुढील प्रत्येक ऊतीचा एक तुकडा आल्याबरोबर झटकन गोठवायचा असे ठरले. अशा मोठ्या नकाशांतील ऊती मुख्यतः अमेरिका आणि युरोपातील स्त्रियांच्या आहेत. बाळंतपणाचे वय, स्तनपानाचा काळ आणि आहार वेगळे असलेल्या आपल्याकडील स्त्रियांच्या ऊतींत हे प्रकार त्याच प्रमाणात, त्याच अवस्थांत असतील असे गृहीत धरता येणार नाही.

१८ ऑक्टोबर २०२४

आजच्या बैठकीत गटांना नाव देण्याचे निकष लेखी ठरले. पृष्ठभागावरील चिन्हांवरून वेगळा काढलेला गट तोपर्यंत केवळ क्रमांकाने ओळखला जाईल, जोपर्यंत त्याच्या पेशींतील केराटिन आणि पी-६३ काचपट्टीवर पाहिलेले नाहीत, त्याच स्त्रीच्या छेदात तशा पेशींची जागा सापडलेली नाही आणि संवर्धनातील वागणूक त्याच्याशी विसंगत नाही. या निकषांवर परिपक्व ल्यूमिनल, ल्यूमिनल पूर्वजपेशी आणि बेसल हे तीन गट उतरले आहेत. तंतुपेशींच्या गटात किमान दोन वेगळे समूह असावेत, एक खंडिकांना बिलगून असलेला आणि दुसरा खंडिकांच्या मधल्या दाट भागातला. छेदांत ते वेगळे दिसतात, यंत्रावर ते वेगळे करणारे चिन्ह आम्हाला अजून ठरवायचे आहे, म्हणून त्यांना एकत्र क्रमांकच राहील. दुहेरी पेशींनाही क्रमांकच.

एका सहकाऱ्याचा आक्षेप असा होता की एवढ्या अटी घातल्या तर काम फार हळू होईल. आक्षेप रास्त आहे आणि काम हळू होईलच. परंतु या गटांच्या नावांवर पुढे गाठींचे मूळ ठरवले जाते, त्यावर औषधांची दिशा ठरते. एका स्त्रीने शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी विश्वासाने दिलेल्या ऊतीतून निघालेले विधान तेवढे भक्कम असलेच पाहिजे, यावर बैठकीत शेवटी एकमत झाले.

पुढची ऊती दसऱ्यानंतरच्या यादीतील, दोन बाळंतपणे झालेल्या स्त्रीची आहे. ती आल्यावर क्रम असा : पॅथॉलॉजीची तपासणी, तीन जागांचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये, एक तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये, आणि उरलेल्याचे पचन मंद हेलकाव्यावर. सॉर्टरची वेळ पुढच्या गुरुवारी सकाळी राखून ठेवली आहे.